पाश्चात्य विद्या आणि अरबांचें ऋण

(मंडळीच्या अभ्यासवर्गासाठीं पाठ)

वाचन : १ राजे ५:१–१२, प्रेषितांचीं कृत्यें ७:२०–२२, १ करिंथ. ४:६, ७.



खेडोपाडीं सुवार्ता सांगतांना आमच्यापैकीं कांहीं उपदेशक असें म्हणतात कीं, पाश्चात्य राष्ट्रें ख्रिस्ती झालीं म्हणूनच त्यांस वैद्यक, गणित व यंत्रविद्या प्राप्त झाली. इतरांपाशीं केवळ अंधार होता. हें बोलणें कानास गोड लागतें; परंतु तें खरें आहे काय? ऐकणाऱ्यांत एखादा जाणता मनुष्य असतोच. एक गोष्ट खोटी आढळली म्हणजे तो आमच्या शंभर खऱ्या गोष्टींवरही विश्वास ठेवीत नाहीं. यास्तव ह्याविषयीं इतिहास काय सांगतो तें ह्या पाठांत आम्ही पाहूं.

१. बगदाद येथील भाषांतरकार. इ. स. ४७६ त पश्चिमेकडील रोमी साम्राज्य मोडलें. त्यानंतर पश्चिम युरोपांत ग्रीक भाषा जाणणारे थोडेच उरले, आणि ग्रीकांचे वैद्यक व गणित ह्यांवरील बहुतेक ग्रंथ तेथें कोणास वाचतां येईनात. इकडे इ. स. ७६२ मध्यें खलिफा अल्‌-मन्सूर ह्यानें तैग्रीस नदीच्या, म्हणजे पवित्र शास्त्रांतील हिद्दकेल नदीच्या, तीरीं बगदाद शहर वसविलें. तेथील खलिफांनीं व धनिकांनीं पुष्कळ द्रव्य खर्चून ते ग्रंथ अरबी भाषेंत आणविले. ह्या कामांत अग्रेसर असलेला हुनैन इब्न इसहाक (इ. स. ८०८–८७३) हा मुसलमान नव्हता, तर पूर्वेकडील मंडळीचा ख्रिस्ती होता. गालेन वैद्याच्या एका ग्रंथासाठीं तो मेसोपोटेमिया, सूरिया, पालेस्तीन व मिसर इतके देश हिंडला. आणि शेवटीं दिमिष्क येथें त्यास त्या ग्रंथाचा सुमारें अर्धाच भाग मिळाला! मुसलमानाचें द्रव्य व ख्रिस्ती मनुष्याचे श्रम ह्यांच्या मिलाफानें एवढें मोठें कार्य झालें. ‘अरबांची विद्या’ असें आम्ही म्हणतों, तेव्हां अरबी भाषेंत लिहिणारे अरब, इराणी, यहूदी व ख्रिस्ती हे सर्व त्यांत येतात, हें ध्यानांत ठेवावें.

२. अंकांचा प्रवास. इंग्रजी शास्त्रांत अध्यायांवर जे अंक असतात त्यांस इंग्रज लोक ‘अरबी अंक’ म्हणतात. अरब लोक मात्र त्यांस ‘हिंदी अंक’ म्हणत. कारण शून्यासह दहा चिन्हांनीं कोणतीही संख्या लिहिण्याची युक्ति आमच्या ह्या देशांतून त्यांच्याकडे गेली. फ्रात नदीकांठच्या मठांतील सेवेरस सेबोख्त नांवाच्या सूरियानी बिशपानें इ. स. ६६२ मध्यें हिंदी लोकांच्या नऊ चिन्हांची स्तुति केली. आणि विद्या काय ती ग्रीकांपाशींच आहे, असें मानणाऱ्यांचा गर्व त्यानें खोडून काढला. पुढें नवव्या शतकांत अल्‌-ख्वारिझ्मी ह्यानें ह्या अंकांवर व बीजगणितावर ग्रंथ लिहिले. त्याच्या ग्रंथाच्या नांवांतील ‘अल्‌-जब्र’ ह्या शब्दापासून इंग्रजींतील ‘अल्जिब्रा’ हा शब्द झाला.

लेओनार्दो फिबोनाची नांवाचा इटालियन बालपणीं आपल्या बापाबरोबर उत्तर आफ्रिकेंतील एका बंदरीं राहिला व तेथें ही रीत शिकला, इ. स. १२०२ त त्यानें तिच्यावर मोठा ग्रंथ लिहिला. रोमी रीतीनें अडतीस हा आंकडा लिहावयास सात अक्षरें लागत. मग गुणाकार किती कठीण! तरीही नवी रीत सर्वांस रुचली नाहीं. इ. स. १२९९ मध्यें फ्लॉरेन्स येथील सराफांच्या संघानें वह्यांत हे अंक वापरण्यास मनाई केली. शेवटीं सोयीपुढें हट्ट टिकला नाहीं.

शब्दांचीही अशीच देवघेव झाली. हिशेब, तारीख, वकील हे आमचे रोजचे शब्द मूळचे अरबी आहेत. आमची ‘शर्करा’ अरबांकडे ‘सुक्कर’ झाली आणि इंग्रजांकडे ‘शुगर’ होऊन पोहोंचली.

३. वैद्यक. स्पेन देशांतील तोलेदो हें शहर इ. स. १०८५ त ख्रिस्ती राजाच्या हातीं आलें. तेथील अरबी ग्रंथ त्यानंतर युरोपच्या विद्वानांस मिळूं लागले. क्रेमोना गांवच्या गेरार्द नांवाच्या पंडितानें तेथें राहून सत्तरांहून अधिक ग्रंथ लातिन भाषेंत उतरविले. त्यांत इराणी हकीम इब्न सीना (इ. स. ९८०–१०३७) ह्याचा वैद्यकावरील महाग्रंथ होता. तो युरोपांतील विद्यापीठांत सतराव्या शतकापर्यंत शिकविला जात असे. कॉर्दोवा येथील अल्‌-झहरावी ह्यानें शस्त्रक्रियेच्या हत्यारांचीं चित्रें काढून त्यांचा उपयोग समजाविला होता; तेंही पुस्तक गेरार्दानें भाषांतरित केलें. आम्ही औषधासाठीं दवाखान्यांत जातों. त्या नांवांतील ‘दवा’ हा शब्दही अरबीच आहे.

४. कागद. कागद करण्याची कला चीन देशाची. आठव्या शतकांत ती समरकंदास व तेथून बगदादेस आली. अरबांनीं बाराव्या शतकापर्यंत ती स्पेनमध्यें नेली, आणि तेराव्या शतकांत इटलींत कागदाचे कारखाने चालूं लागले. इ. स. १४५५ च्या सुमारास गुटेनबर्गानें जर्मनींत पवित्र शास्त्र छापिलें, तेव्हां त्याच्या बहुतेक प्रती कागदावर निघाल्या. चामड्याच्या एका प्रतीस दीडशेंहून अधिक वासरांचीं कातडीं लागत. कागद नसता तर गरिबाच्या घरीं शास्त्र कसें आलें असतें?

बोध. सर्वच विद्या अरबांची, असें म्हणणें हेंही असत्य होईल. त्यांनीं ग्रीकांपासून व हिंदी लोकांपासून घेतलें, त्यांत स्वतःच्या शोधांची भर घातली, आणि पुढें दिलें. पाश्चात्यांनींही घेतलें व वाढविलें. शलमोनानें देवाचें मंदिर बांधिलें तेव्हां गंधसरूचीं लांकडें सोरच्या हीराम राजानें पुरविलीं. तेणेंकरून मंदिराचें पावित्र्य उणें झालें नाहीं. मोशे मिसरी लोकांची विद्या शिकला, आणि देवानें त्यासच आपला सेवक केलें. पौलानें करिंथकरांस जो प्रश्न केला तो प्रत्येक राष्ट्रानें व प्रत्येक मंडळीनें स्वतःस विचारावा.

उपदेशक बंधूंस आमची विनंती आहे कीं, सुवार्तेस यंत्रांचा व औषधांचा टेंकू देऊं नका. ज्याचा विश्वास पाश्चात्यांच्या कौशल्यावर उभा आहे, त्याचा पाया तेंच कौशल्य दुसऱ्या कोणापाशीं दिसतांच ढांसळेल. आमचा पाया वधस्तंभीं खिळलेला व पुन्हां उठलेला ख्रिस्त आहे. त्यास उसन्या मोठेपणाची गरज नाहीं. आणि शेजारच्या मुसलमान बंधूची निंदा करून त्याच्यापुढें ख्रिस्ताची साक्ष कशी देतां येईल? शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊं नये ही आज्ञा त्याच्या पूर्वजांविषयीं बोलतांनाही लागू आहे. ज्याचें घेतलें त्याचें नांव उघडपणें सांगावें आणि सर्व ज्ञानाचा दाता जो देव त्याचे आभार मानावे, हेंच ख्रिस्ती मनुष्यास शोभतें.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. हुनैन कोण होता? त्याच्या कामांत ख्रिस्ती व मुसलमान ह्यांचा संबंध कसा आला?
२. अंकांस अरब लोक कोणाचें नांव देत, व इंग्रज कोणाचें? ह्यावरून काय दिसतें?
३. पवित्र शास्त्र आपल्या हातीं येण्यास कोणकोणत्या देशांचे श्रम कारणीं लागले?
४. आपल्या गांवांत ज्यांची विद्या किंवा मदत आपण घेतों, पण ज्यांचे आभार मानीत नाहीं, असे कोण आहेत? ह्या आठवड्यांत त्यांपैकीं एकास भेटावें, व त्याच्यासाठीं प्रार्थना करावी.