पराभवाचे भय आणि खेळाचे दार

फुटबॉलचा सामना 90 मिनिटांत संपतो. परंतु त्या सामन्यात उतरण्याचा अधिकार कोणी व कसा मिळवावयाचा, हा प्रश्न त्याहून मोठा आहे. 2021 च्या एप्रिल महिन्यात युरोपातील प्रेक्षकांनी या प्रश्नाचे उत्तर रस्त्यावर येऊन दिले. त्या घटनेचा थोडा अभ्यास करणे आपणांस उपयुक्त ठरेल.

प्रथम साखळी स्पर्धेची, म्हणजे लीगची, रचना समजून घेऊ. इंग्लंडसारख्या देशात लीगच्या अनेक श्रेणी असतात. वरच्या श्रेणीत तळाशी राहिलेले संघ पुढील वर्षी खाली उतरतात व खालच्या श्रेणीतील विजयी संघ वर चढतात. कोणाचेही स्थान कायमचे नसते. वरच्या श्रेणीत अग्रभागी आलेल्या संघांना युरोपच्या चॅम्पियन्स लीगमध्ये प्रवेश मिळतो. वर्गात दर वर्षी परीक्षा देऊनच पुढे जावे लागते, तसाच हा नियम होय.

18 एप्रिल 2021 रोजी इंग्लंडचे 6, स्पेनचे 3 व इटलीचे 3 अशा 12 धनाढ्य क्लबांनी आपली स्वतंत्र ‘सुपर लीग’ जाहीर केली. तीत 20 संघ असावयाचे होते. त्यांपैकी 15 संस्थापकांचे स्थान कायम राहणार होते, आणि उरलेल्या केवळ 5 जागांसाठी इतरांनी झगडावयाचे होते. महामारीने मैदाने ओस पडली होती, उत्पन्न घटले होते व कर्जे वाढली होती. हरले तरी उत्पन्न बुडू नये, हा या योजनेमागील एक मोठा हेतू होता.

प्रेक्षकांना त्या वेळी मैदानात प्रवेश नव्हता. म्हणून ते मैदानाच्या दारापाशी जमले. 20 एप्रिल रोजी लंडनमध्ये चेल्सीच्या शेकडो चाहत्यांनी स्वतःच्याच संघाची बस अडविली. क्लबचा नामांकित माजी गोलरक्षक व त्या वेळचा पदाधिकारी पेट्र चेक याला पुढे येऊन वाट मोकळी करण्याची विनंती करावी लागली. 21 एप्रिल उजाडेपर्यंत इंग्लंडच्या सहाही क्लबांनी माघार घेतली होती. जर्मनीतील बायर्न म्युनिक व डॉर्टमुंड हे क्लब तर या योजनेत मुळी सामीलच झाले नव्हते. तेथे बहुतेक क्लबांत निम्म्याहून अधिक मते सभासदांच्या हाती असतात, हे येथे ध्यानात घ्यावे. तथापि 2 मे रोजी मँचेस्टर युनायटेडच्या मैदानात निदर्शक घुसले, पोलीस जखमी झाले व सामना पुढे ढकलावा लागला. मर्यादा सुटली की न्याय्य मागणीलाही उणेपणा येतो.

याच धामधुमीत, 19 एप्रिल रोजी, टॉटनहॅम या सहांपैकीच एका क्लबाने आपले व्यवस्थापक जोझे मोरिन्यो यांना पदावरून दूर केले. चषकाचा अंतिम सामना अवघ्या सहा दिवसांवर होता. संघाची धुरा 29 वर्षांच्या रायन मेसनकडे आली व 25 एप्रिलचा तो सामना टॉटनहॅमने मँचेस्टर सिटीविरुद्ध 1-0 असा गमावला. सुपर लीगविरुद्ध एकमुखाने बोलणारे चाहते येथे मात्र दुभंगले. कित्येकांना हा निर्णय योग्य वाटला. कित्येकांनी या घाईचे कारण विचारले.

वरवर पाहता या दोन घटना भिन्न आहेत. परंतु दोन्हींच्या मुळाशी पराभवाचे भय आहे. भ्यालेला मालक एक तर स्पर्धेचे दार लावून घेतो, नाही तर माणूस बदलतो. लेस्टर सिटी या क्लबाचे उदाहरण पाहा. 2015 च्या एप्रिलमध्ये हा संघ गुणतक्त्यात तळाशी होता; पुढच्याच वर्षी क्लाउडिओ रानिएरी यांच्या मार्गदर्शनाखाली तो इंग्लंडचा विजेता ठरला. दार उघडे होते म्हणूनच हे घडले. परंतु नऊ महिन्यांनी संघ पुन्हा तळाजवळ येताच, 23 फेब्रुवारी 2017 रोजी, त्याच रानिएरींना निरोप मिळाला. खुल्या स्पर्धेची किंमत ही अशी द्यावी लागते.

हा प्रश्न केवळ परक्या देशाचा आहे, असे मात्र नव्हे. चोर्ला घाट उतरला की लागणाऱ्या गोव्यात धेंपो क्लबाने राष्ट्रीय विजेतेपद पाच वेळा मिळविले होते. 2014 मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली. तीत खालून वर येण्याची वाट नव्हती. 2016 मध्ये तीच देशातील मुख्य स्पर्धा करण्याची योजना पुढे येताच साळगावकर व स्पोर्टिंग या क्लबांनी आय-लीग सोडली. पाठोपाठ, त्याच वर्षी दुसरी श्रेणी जिंकून वर येण्यास पात्र ठरलेल्या धेंपोनेही माघार घेतली. पुढे 2023 मध्ये पंजाबचा संघ आय-लीग जिंकून सुपर लीगमध्ये आला. केवळ खेळाच्या बळावर तेथे पोहोचणारा तो पहिला संघ होय.

निपाणीहून सुमारे 40 किलोमीटरवर असलेल्या कोल्हापुरात पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींच्या नावांनी संघ खेळतात. पेठेतील माणूस त्या संघाला ‘आमचा’ म्हणतो, तेव्हा त्या शब्दाला कागदावरील मालकीचा आधार नसतो, आपुलकीचा असतो. इंग्लंडमध्ये या आपुलकीला 2025 साली कायद्याचे बळ मिळाले: क्लबांवर देखरेख ठेवणारा स्वतंत्र नियामक नेमण्याची व फुटीर स्पर्धांना आळा घालण्याची तरतूद ब्रिटिश संसदेने केली.

‘आमचा’ म्हणण्यात हक्क आहे, तसे कर्तव्यही आहे. स्पर्धेचे दार सर्वांसाठी उघडे असावे असा आग्रह धरणाऱ्याने त्या दारातून कधी तरी आपलाच संघ खाली जाईल, हेही मान्य केले पाहिजे. बेळगाव-निपाणीच्या मैदानांवर उद्या आपण खेळाल किंवा कडेला उभे राहून पाहाल. आपला संघ हरला तर त्या संध्याकाळी मार्गदर्शकाला दोष देण्यापूर्वी, आपण विजयाचे चाहते आहोत की खेळाचे, एवढे एकदा स्वतःस विचारावे.