डोंगर चढताना: घामाचे आणि वेळेचे गणित

बदलापूर गावात राहणाऱ्याला डोंगर शोधायला लांब जावे लागत नाही. मलंगगडापासून माथेरानपर्यंतची रांग घराच्या गच्चीवरूनच दिसते आणि तिच्यातला चंदेरीचा सुळका तर लहान मुलालाही ओळखता येतो. पावसाळा ओसरला की माझ्या दवाखान्यात सोमवारी सकाळी हमखास एक-दोन तरुण लंगडत येतात. आदल्या दिवशी कोण चंदेरीला, कोण पेबला गेलेला असतो. बहुतेकांचे दुखणे चार दिवसांत बरे होते. पण काही वेळा प्रकरण जिवावर बेतते, आणि त्याला कारण डोंगराची उंची नसते, निघण्यापूर्वी न केलेला हिशेब असतो. आजचा लेख त्या हिशेबाबद्दल आहे.

उंचीचा विषय आधी मिटवू. विरळ हवेचा त्रास साधारण ८,००० फुटांच्या वर सुरू होतो. महाराष्ट्रातले सर्वोच्च शिखर कळसूबाई सुमारे ५,४०० फूट आहे आणि चंदेरी तर २,३०० फुटांच्या आसपास. म्हणजे आपल्या डोंगरावर धाप लागते ती प्राणवायू कमी पडल्यामुळे नव्हे. धाप लागते चढामुळे, आणि माणूस कोसळतो तो उकाड्यामुळे.

आपल्या शरीराला थंड ठेवण्याचे मुख्य साधन घाम. पण घाम येणे पुरेसे नाही, तो वाळला पाहिजे. वाळताना तो अंगातली उष्णता घेऊन जातो. देशावरच्या कोरड्या हवेत हे काम झटपट होते. आपल्याकडे हवेत आधीच इतका ओलावा असतो की घाम वाळत नाही, नुसता टपटप गळतो. पाणी जाते, मीठ जाते, आणि अंग मात्र तापतच राहते. उकाड्यात पाठीवर ओझे घेऊन चढणाऱ्या माणसाचा तासाला एक लिटरपर्यंत घाम जाऊ शकतो. ऑक्टोबरमध्ये पाऊस गेलेला, ऊन कडक आणि हवा दमट, अशी सगळी परिस्थिती एकत्र येते. लोक मात्र पावसाळ्याला भितात आणि ऑक्टोबरला निर्धास्त निघतात.

काही वर्षांपूर्वी अशाच ऑक्टोबरात एका तरुणाला त्याचे मित्र माझ्याकडे घेऊन आले होते. वय २२, तालमीत जाणारा, तब्येत दणकट. दुपारी बाराच्या सुमारास चढावर तो असंबद्ध बोलू लागला. मित्रांना आधी वाटले, थट्टा करतोय. मग तो वाटेवरच बसला आणि मित्रांची नावे चुकवू लागला. त्यातल्या एकाने शहाणपणा केला. त्याला सावलीत निजवले, शर्ट काढला, सगळ्यांच्या बाटल्यांतले पाणी त्याच्या अंगावर ओतले आणि पंचाने वारा घालत राहिला. पाऊण तासाने मुलगा नीट बोलू लागला. माझ्याकडे आला तोवर मला फारसे करण्यासारखे उरले नव्हते. रुग्णालयात एक दिवस देखरेखीखाली ठेवावे लागले, एवढेच.

यातली खूण लक्षात ठेवा. डोके दुखणे, मळमळ, पायात गोळे येणे ही उष्णतेच्या त्रासाची पहिली पायरी. तेव्हाच थांबून सावलीत बसले, पाणी-मीठ घेतले तर माणूस सावरतो. बोलणे बिघडले, वागणे विचित्र झाले की तो उष्माघात समजावा, मग अंगाला घाम असो वा नसो. अशा वेळी आधी अंग थंड करायचे आणि मग खाली न्यायचे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जाते. तेच पाणी अंगावर ओता. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेला मोबाईलची रेंज मिळेल तेथून लगेच कळवावे.

आता पाणी किती न्यावे? चिंचवली गावातून चंदेरीच्या गुहेपर्यंत चढायला अडीच-तीन तास लागतात, उतरायला जवळजवळ तेवढेच. माणशी तीन ते चार लिटर पाणी हवे. वरच्या टाक्यात पाणी मिळेल या भरवशावर निघू नये. नुसते साधे पाणी ढसाढसा पिणेही चांगले नाही. घामातून मीठ गेलेले असताना फक्त पाणी भरत राहिलो तर रक्तातले मीठ पातळ होते, मळमळ होते, डोके जड होते आणि लोक त्याला उन्हाचा त्रास समजून आणखी पाणी पाजतात. म्हणून निम्मे पाणी मीठ-साखरेचे असावे. एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचा. वर लिंबू पिळले तर चव येते.

हे मिश्रण साधे वाटते, पण त्याने कित्येकांचे प्राण वाचवले आहेत. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धाच्या वेळी बनगाव येथे निर्वासितांत पटकीची साथ पसरली. शिरेतून देण्याचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांत भरून रोग्यांच्या नातेवाइकांच्या हाती दिले आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. साखरेच्या सोबतीने आतडे मीठ आणि पाणी पटकन शोषून घेते, एवढेच त्याचे शास्त्र. बाजारातल्या रंगीत, गोड पेयांत साखर भरपूर आणि मीठ जेमतेम असते. त्यांच्यावर पैसे घालवण्याचे कारण मला दिसत नाही.

वेळेचा हिशेबही असाच आधी करावा. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक नियम सांगितला: सपाटीवर तीन मैलांना एक तास, आणि दर २,००० फूट चढाईला आणखी एक तास. त्या नियमाने चंदेरी दोन तासांतच व्हायला हवा. पण नेस्मिथसाहेब थंडीत चालत होते! आपल्या उकाड्यात, घसाऱ्यावरून, त्याच्या दीडपट वेळ धरावा, आणि गटातल्या सर्वांत हळू चालणाऱ्याचा धरावा. चिंचवली डोंगररांगेच्या पूर्वेला आहे. त्यामुळे सूर्य मावळण्यापूर्वीच वाटेवर रांगेची सावली पडते. मी सांगतो ते असे: पहाटे निघा, आणि माथा कितीही जवळ दिसत असो, साडेअकराला जेथे असाल तेथून परत फिरा. गुहेच्या वरचा सुळका तर दोर आणि जाणता माणूस बरोबर असल्याशिवाय चढूच नये.

सोमवारच्या लंगडणाऱ्यांचे दुखणे उतरण्यातून येते. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार पेलतो. त्यात त्याचे बारीक तंतू दुखावतात आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरणे कठीण होते. थकलेली मांडी गुडघा सावरत नाही, आणि पाय मुरगळतात ते परतीच्या वाटेवर. यावर उपाय सरावाचा आहे. निघण्यापूर्वी महिनाभर, आठवड्यातून तीनदा, स्टेशनचा पूल चार-पाच वेळा चढा आणि मुख्य म्हणजे सावकाश उतरा. वर्षभर पंख्याखाली बसून काम करणाऱ्याने हा सराव उन्हात करावा. शरीराला उकाड्याची सवय व्हायला दहा-बारा दिवस लागतात.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेणाऱ्यांनी आणि चाळिशी ओलांडलेल्या धूम्रपान करणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय निघू नये. गोळी मनाने बंद करू नये, मनाने चालूही ठेवू नये. खाण्याला भाकरी, गूळ-शेंगदाणे, भाजलेले चणे पुरतात. दारू बरोबर नेणाऱ्यांना काय सांगावे? कोंडेश्वरच्या कुंडाने किती घरांतली तरुण मुले नेली हे परिसराला ठाऊक आहे. पावसाळ्यात अशा ठिकाणी प्रशासन मनाई हुकूम काढते, तो मोडण्यात पराक्रम नाही. ओढ्याचे पाणी किती वेगाने चढते हे कळायला २७ जुलै २०१९ आठवा. त्या दिवशी बदलापूर-वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पुरात अडकली होती आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले होते. रुळांवर उभी असलेली आगगाडी जिथे अडकते, तिथे ओढा ओलांडणाऱ्या माणसाची काय कथा.

साप चावल्यास पट्टी आवळू नये, जखम कापू वा चोखू नये. तो अवयव लाकडाच्या आधाराने स्थिर ठेवून, माणसाला शक्यतो न चालवता रुग्णालयात न्यावे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही विषांवर एकच लस चालते, तेव्हा साप मारून आणण्यात वेळ दवडू नये.

आणि चिखलपाण्यात पाय खरचटून आला असाल, नंतर महिनाभरात ताप आला, पोटऱ्या दुखू लागल्या किंवा डोळे लाल झाले, तर डॉक्टरांकडे गेल्याबरोबर सांगा की डोंगरावर गेलो होतो. लेप्टोस्पायरोसिसची शंका येण्यासाठी आम्हाला एवढे वाक्य पुरते.