संगणकाच्या दोन वह्या

संगणकाचा प्रोसेसर फार चपळ. त्याची मुख्य स्मृति मात्र त्या मानानें मंद असते. म्हणून प्रोसेसराजवळ एक लहान पण वेगवान स्मृति ठेवितात व वारंवार लागणाऱ्या माहितीची प्रत तींत करितात. हिलाच कॅश म्हणतात. १९६५ सालीं केंब्रिजचे मॉरिस विल्क्स यांनीं ही कल्पना लेखरूपानें मांडली; १९६८ सालीं जाहीर झालेल्या आय्. बी. एम्. कंपनीच्या ३६० मालेंतील ८५ व्या यंत्रांत ती प्रत्यक्षांत आली.

प्रतीवरून वाचणें सोपें; अडचण येते ती लिहितांना. जवळची प्रत बदलली व मूळ तसेंच राहिलें, तर खरें कोणतें मानावें?

याचीं दोन उत्तरें आहेत. एखादा दुकानदार हाताशीं असलेल्या टिपणवहींत उधारी लिहून त्याच क्षणीं ती खतावणींतही चढवितो. ही ‘राइट-थ्रू’ पद्धति. हींत मूळ सदैव बिनचूक राहतें, पण प्रत्येक बदलास मंद स्मृतीपर्यंत खेप पडते. वरील ८५ वें यंत्र व १९८९ सालचा इंटेल ४८६ यांत हीच पद्धति होती.

दुसरा दुकानदार केवळ टिपणवहींत लिहितो, पानावर ‘चढवावयाचें बाकी’ अशी खूण करितो, आणि तें पान काढून टाकण्यापूर्वीं खतावणी पुरी करितो. ही ‘राइट-बॅक’ पद्धति. त्या खुणेस ‘डर्टी बिट’ म्हणतात. एकच संख्या लागोपाठ शंभर वेळां बदलली, तर पहिल्या पद्धतींत मुख्य स्मृतींत शंभर वेळां लिहावें लागतें. दुसरींत बहुधा एकदांच. म्हणून आजच्या प्रोसेसरांत दुसरीच अधिक आढळते.

परंतु वेगाबरोबर जबाबदारीही येते. एका यंत्रांत अनेक प्रोसेसर असल्यास एकाची न चढविलेली नोंद दुसऱ्यास ठाऊक नसते व तो जुनाच आंकडा खरा मानील. यासाठीं त्यांस परस्परांस सूचना द्यावी लागते. पेन-ड्राइव्हचेंही असेंच आहे. लिहावयाचा मजकूर संगणक कधीं कधीं आपल्या स्मृतींत थोपवून धरितो. अशा वेळीं ती एकाएकीं उपटली, तर महिनाभर खपून लिहिलेला निबंध क्षणांत नाहींसा होईल. आधीं ती सुरक्षितपणें काढण्याची आज्ञा द्यावी. म्हणजे बाकी राहिलेलें लेखन पुरें होतें.

काम पुढें ढकलणें हा सर्वथैव दोष नव्हे. तें बाकी आहे ही खूण पुसणें, हा मात्र दोष होय. ही गोष्ट यंत्रास जितकी लागू, तितकीच आपणांसही.