सुरुवातीलाच चिप्स दुप्पट कराव्यात का?

प्रश्न : मोठ्या पोकर स्पर्धेत पहिल्या तासांतच धोका पत्करून चिप्स वाढवाव्यात, की पत्ते टाकत थांबावे?

उत्तर : दोन्ही टोके टाळा. लास वेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमधील मेन इव्हेंट पाहा. अलीकडे तिथे ६०,००० चिप्स मिळतात आणि मोठा ब्लाइंड २०० चा असतो, म्हणजे हाताशी ३०० ब्लाइंड. एवढ्या खोल चिप्सवर एका जोडीच्या, अगदी एक्क्यांच्याही, भरवशावर सर्वस्व लावू नये. इतका मोठा पॉट समोरचा सहसा त्याहून बळकट हातावरच खेळतो. उलट पंजांची जोडी स्वस्तात खेळावी. फ्लॉपवर तिसरा पंजा साधारण साडेआठ वेळांत एकदाच येतो, पण आला की आधीची सगळी किंमत वसूल होऊ शकते. वीस ब्लाइंड उरल्यावर हे गणित जमत नाही.

‘लवकर दुप्पट झालो तर पुढे दबाव टाकता येईल,’ हा आक्षेप खरा आहे. मात्र चिप्स दुप्पट झाल्याने बक्षिसाची अपेक्षा दुप्पट होत नाही, आणि बाद झाल्यावर ती शून्य होते. पुन्हा प्रवेशाची सोय असेल तर थोडे सैल खेळता येते, पण दुसरे शुल्कही खिशातूनच जाते. नवखे खेळाडू याच टप्प्यात सर्वाधिक असतात, म्हणून नुसते बसून राहणेही महागच. शेवटी बोलायची पाळी असेल तेव्हा त्यांच्याशी जरूर खेळा.