बालकांतील मानेच्या गाठी : गंडमालेचे निदान आणि कांचनार गुग्गुळाची मर्यादा

लहान मुलाच्या मानेवर गाठ दिसली, की वैद्याच्या लेखणीतून कांचनार गुग्गुळ उतरतो. आमच्याही लेखणीतून तो अनेक वर्षे असाच उतरत होता. हे उत्तम औषध आहे याविषयी दुमत नाही; परंतु गाठ हे लक्षण आहे, व्याधी नव्हे, हे विसरून दिलेले उत्तम औषधही बालकाचा मोलाचा काळ वाया घालविते. म्हणून या लेखाचा आरंभ आम्ही आमच्याच एका चुकीपासून करीत आहोत.

पाथर्डी तालुक्यातील ऊसतोडणी करणाऱ्या कुटुंबातील चार वर्षांचा मुलगा. मानेच्या उजव्या बाजूस दोन गाठी, वेदना नाही, त्वचेचा वर्ण प्राकृत. घसा किंचित लाल दिसला, म्हणून तुंडिकेरीजन्य शोथ समजून आम्ही कांचनार गुग्गुळ दिला. पंधरा दिवसांनी आजीने ‘थोडा फरक आहे’ असे सांगितले व आम्ही तेच औषध चालू ठेवले. गाठ मोजून ठेवली नव्हती, त्यामुळे फरक कशाच्या तुलनेत, हे सांगण्यास आधारच नव्हता. पुढे कुटुंब कारखान्यावर गेले. जुनी चिठ्ठी दाखवून औषध दुकानातून येत राहिले. चार महिन्यांनी मुलगा परत आला तेव्हा गाठी एकमेकींस चिकटल्या होत्या, एक मऊ पडली होती आणि वजन दीड किलोने घटले होते. आजोबांना कित्येक महिन्यांचा खोकला आहे हे आम्हास त्या दिवशी कळले. कारण आम्ही ते त्या दिवशी प्रथमच विचारले.

शास्त्राने यात आमची फसवणूक केलेली नव्हती. चरकाचार्यांनी श्वयथुचिकित्सेत गंडमाला सांगताना पीनस, पार्श्वशूल, कास, ज्वर व छर्दी यांनी युक्त गंडमाला असाध्य म्हटली आहे. म्हणजे गाठ पाहताच छाती, ताप आणि खोकला यांची चौकशी करणे ग्रंथसंमतच आहे. सुश्रुताचार्यांची अपची तर आवळ्याच्या बीजाएवढ्या, मत्स्यांडांच्या जाळ्यासारख्या गाठींची. काही फुटून स्रवतात, काही जिरतात, नव्या उद्भवतात आणि व्याधी वर्षानुवर्षे रेंगाळतो. लसीकाग्रंथींचा क्षय ज्याने पाहिला आहे त्याला हे वर्णन ओळखीचे वाटेल.

आपल्याकडील बायाबापड्यांचा ‘अवधान’ हा शब्दही येथे वैद्यास उपयोगी आहे. पायाला जखम झाली की जांघेत अवधान येते, हे खेड्यातील आजीला ठाऊक असते. मानेच्या गाठीस हाच न्याय लावावा व मूळ स्थान शोधावे. डोक्यातील उवा व खपल्या, किडलेली दाढ, वाहणारा कान, तुंडिकेरी ही स्थाने प्रत्यक्ष पाहावीत. मुलीची वेणी सोडवून मानेमागील केस न पाहता औषध लिहू नये.

स्पर्शपरीक्षेत आकार, संख्या, काठिण्य, चलत्व व उष्णता नोंदवावी. सर्दी-पडसे वारंवार होणाऱ्या मुलांत हनुवटीखाली व जबड्याच्या कोनाशी शेंगदाण्याएवढ्या, मऊ, सरकणाऱ्या गाठी सापडतात; त्यांना बहुधा औषधाची गरज नसते. अक्षकास्थीच्या वरची गाठ मात्र कितीही लहान असो, ती गंभीर मानून तत्काळ तज्ज्ञाकडे पाठवावी. गालगुंडात सूज जबड्याचा कोन बुजवून कानाची पाळी वर उचलते, तिची कड बोटांस सापडत नाही. मध्यरेषेतील गाठ जीभ बाहेर काढताच वर सरकत असेल तर ती जन्मजात कोष्ठ होय. तिला चीर देऊ नये. दोन-चार आठवड्यांच्या बालकात मानेच्या स्नायूतच कठीण गाठ असून मान एका बाजूस कलत असेल, तर जोराचे मर्दन टाळावे व बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. बीसीजी लसीनंतर डाव्या काखेत, क्वचित डाव्या अक्षकास्थीवर येणारी गाठ बहुधा आपोआप जिरते. तरीही अक्षकास्थीवरील गाठीचा निर्णय तज्ज्ञावरच सोपवावा.

श्वास घेताना आवाज, लाळ गळणे, तोंड न उघडणे, मान ताठ धरणे, किंवा तापासह संपूर्ण मान सुजून घशात करडा पापुद्रा दिसणे (घटसर्पाची शंका) यांत एक मात्राही देण्यासाठी थांबू नये. तीन महिन्यांखालील बालकासही हेच लागू.

लाल, उष्ण, दुखणाऱ्या गाठीत आम व पक्व अवस्थेचा विचार अटळ आहे. अपक्व शोथ फोडणारा आणि पक्वाची उपेक्षा करणारा, दोघांनाही सुश्रुताने कठोर शब्दांत निंदिले आहे. बिब्बा घालणे किंवा डाग देणे यांनी कोवळी त्वचा जळते, रोग तसाच राहतो.

मूळ कारण साधे असेल तर आम्ही त्याचीच चिकित्सा करतो. तीन वर्षांवरील बालकास कांचनार गुग्गुळ १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, कुटून कोमट पाण्यातून. त्वचा अखंड असल्यास दशांग लेप. गंडमाला कंडन रसासारखे पारदयुक्त कल्प लहान मुलांत आम्ही वापरत नाही. मुदत दोन आठवडे, पट्टीने मोजलेल्या गाठीसह. त्या मुदतीत गाठ वाढली, किंवा चार आठवड्यांत घटली नाही, किंवा ताप, वजनघट, घरात खोकल्याचा रुग्ण यांपैकी काही असेल, तर तपासणीस पाठवावे. क्षयाची शंका असता सुईने गाठीतील स्राव घेऊन सीबीनॅट चाचणी शासकीय यंत्रणेत विनामूल्य होते. निदानापूर्वी स्टेरॉइड देणे घातक, कारण त्याने लसीकाग्रंथीचा कर्करोगही तात्पुरता दबतो आणि निदान लांबते.

औषधालयांच्या मालकांना एक विनंती. ‘गाठीचं औषध द्या’ म्हणणाऱ्या पालकास जुन्या चिठ्ठीवर दुसऱ्यांदा डबी देण्यापूर्वी बालक केव्हा तपासले, एवढे विचारावे. क्षयरोगाची नोंद कळविणे २०१२ पासून बंधनकारक आहे आणि २०१८ च्या अधिसूचनेने क्षयाची औषधे विकणारे दुकानदारही त्यात आले.

निदान झाल्यावर लसीकाग्रंथींच्या क्षयाचा उपचार साधारणतः सहा महिन्यांचा असतो. निक्षय पोषण योजनेचे दरमहा ५०० रुपये नोव्हेंबर २०२४ पासून १००० झाले आहेत. घरातील इतर बालकांची तपासणीही करून घ्यावी. आपले काम यानंतरही उरते. कफघ्न पथ्याच्या नावाखाली अशा बालकाचे दूध-तूप बंद करणे चूक आहे. येथे बृंहण हवे. उकळलेले दूध, शेंगदाणे, डाळी, चालत असल्यास अंडे द्यावे. शेळीचे दूध ‘ताजे म्हणून’ कच्चे पाजण्याची सवय मोडावी.

त्या मुलाचे उपचार सुरू झाल्यावर दुसऱ्या महिन्यात एक गाठ अधिकच फुगली. आजी गोळ्या बंद करण्याच्या विचारात आमच्याकडे आली. योग्य उपचार चालू असतानाही अशी गाठ काही काळ वाढू शकते, हे आम्ही तिला समजाविले, मुलाला त्याच दिवशी क्षय विभागात दाखवून घेतले व गोळ्या चालू ठेवविल्या. या वेळी गाठीचे माप आमच्या वहीत होते.