पूर येण्याआधी किराणा किती भरावा?

प्रश्न : आमचं गाव गंगाखेड तालुक्यात, गोदाकाठी. सप्टेंबर २०२५ मध्ये पैठणच्या जायकवाडी धरणातून पाणी सोडल्याचं कळताच दुकानात झुंबड उडाली. आम्ही हाती लागेल ते आणलं. नेमकं काय घ्यावं?

उत्तर : पैठणहून सोडलेलं पाणी तुमच्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. तेवढ्या वेळात आधी गिरणी गाठा, मग दुकान. वीज गेली की चक्की बंद पडते आणि घरातली ज्वारी असून नसल्यासारखी होते.

पाच माणसांना पाच दिवसांसाठी पीठ आणि तांदूळ मिळून १० किलो, डाळ २ किलो, तेल १ लिटर पुरेल. चूल पेटली नाही तर? म्हणून फुटाणे, शेंगदाणे, गूळ, चुरमुरे जास्त घ्या. दशम्या, धपाटे आदल्या दिवशीच करून ठेवा. भाजीपाला, दूध यांवर पैसे घालू नका, नासतं.

पिण्याचं पाणी माणशी रोज ३ लिटर धरा. पूर ओसरल्यावर विहिरीचं, हापशाचं पाणी उकळूनच प्या.

मेणबत्त्या, काडेपेटी, रोजची औषधं प्लास्टिकच्या डब्यात ठेवा. रोकड जवळ असू द्या. वीज आणि नेटवर्क गेलं की फोनवरून पैसे देता येत नाहीत.

प्रशासनाने गाव सोडायला सांगितलं, तर मात्र पोत्यांत जीव अडकवू नका. पिशवीत मावेल तेवढं घ्या आणि निघा.