बदललेली किडनी आणि गोळ्यांचा हिशोब

किडनी बदलली की ऑपरेशन करणाऱ्या सर्जनचे नाव घरात सगळ्यांच्या तोंडी असते. किडनी देणाऱ्या आईचे किंवा भावाचे तर असतेच. पण ती किडनी पुढे वर्षानुवर्षे चालते ती गोळ्यांवर. गोळी किती, कधी आणि कशाबरोबर घ्यायची, हे शोधण्यात फार्मसिस्टांचा, म्हणजे औषधशास्त्र शिकलेल्या माणसांचा, मोठा वाटा आहे. त्यांचे नाव मात्र कुणी घेत नाही.

दुसऱ्याची किडनी आपल्या शरीराला परकी वाटते. प्रतिकारशक्ती तिच्यावर तुटून पडते. म्हणून ती शक्ती औषधाने कायम दाबून ठेवावी लागते. औषध कमी पडले तर शरीर किडनी नाकारते. जास्त झाले तर जंतुसंसर्ग होतो, हात थरथरतात, साखर वाढते आणि खुद्द किडनीलाच इजा होते.

आज सर्वांत जास्त वापरले जाणारे असे औषध म्हणजे टॅक्रोलिमस. १९८४ मध्ये जपानमध्ये मातीतल्या एका जीवाणूपासून ते मिळाले. १९८९ मध्ये अमेरिकेतील पिट्सबर्ग येथे डॉ. थॉमस स्टार्झल यांनी ते रुग्णांना दिले. त्याच विद्यापीठाच्या फार्मसी विभागातील रमण वेंकटरामनन आणि त्यांचे सहकारी यांनी हे औषध शरीरात कसे फिरते याचा बारकाईने अभ्यास केला. १९९५ मध्ये त्यांनी मांडलेले आकडे पाहा: पोटात गेलेल्या औषधापैकी सरासरी चौथा हिस्साच रक्तात पोचतो, पण कुणाच्या रक्तात ४ टक्के, तर कुणाच्या ९३ टक्के! शेजारच्या रुग्णाचा डोस आपल्याला का चालत नाही, ते यावरून कळेल.

म्हणूनच रक्तातील औषधाची पातळी तपासतात. रक्त द्यायचे ते सकाळची गोळी घेण्याआधी, रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी. गोळी घरी घेऊन मग लॅबमध्ये गेलात, तर पातळी खोटी जास्त दिसते आणि डॉक्टर नको तेव्हा डोस कमी करतात. त्या दिवशी गोळी खिशात घेऊन जा, रक्त दिल्यावर घ्या.

आपल्या वस्त्यांसाठी टीबीची बाब विशेष महत्त्वाची आहे. टीबीच्या उपचारातील रिफाम्पिसिन हे औषध यकृत आणि आतड्यातील औषधे मोडणारी द्रव्ये इतकी वाढवते, की टॅक्रोलिमस लवकर नष्ट होते. काही दिवसांतच पातळी कोसळते. मग डोस कित्येक पट वाढवावा लागतो किंवा रिफाम्पिसिनऐवजी रिफाब्युटिन द्यावे लागते. रिफाम्पिसिन बंद झाले की पातळी उलट चढते, तेव्हाही डोस बदलावा लागतो. टीबीच्या डॉक्टरांना किडनीचे सांगा आणि किडनीच्या डॉक्टरांना टीबीचे. दोघांना वेगवेगळे अर्धे सांगणे घातक आहे.

उलट बुरशीवरचे फ्लुकोनाझोल आणि खोकल्या-घशासाठी देतात ते क्लॅरिथ्रोमायसिन पातळी वाढवतात. पपनसही खाऊ नये. अंगदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेन सरळ किडनीवर घाव घालते.

आता गोळ्या चुकण्याविषयी. पैसा नाही म्हणून डोस चुकतात, हे खरेच आहे. पण अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात मेरी चिशोल्म या फार्मसिस्टने पाहिले, तर औषधे फुकट मिळणाऱ्यांचेही वर्षाच्या आत डोस चुकू लागले होते. मग त्यांनी २४ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाशी फार्मसिस्ट नियमित बोलत असे, सगळी औषधे तपासत असे, अडचण ऐकून घेत असे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात त्या गटाने सुमारे ९६ टक्के औषध घेतले, दुसऱ्याने सुमारे ८२ टक्के. रुग्ण थोडे होते, तरी फरक डोळ्यांत भरणारा आहे. ज्यांना औषध परवडत नाही त्यांना ते मिळवून देण्याचा उपक्रमही चिशोल्म यांनी १९९९ मध्येच सुरू केला होता.

आपल्याकडे प्रत्येक रुग्णालयात असा माणूस भेटेलच असे नाही. तेव्हा घरातल्या एकाने हे काम अंगावर घ्यावे. सगळ्या औषधांच्या रिकाम्या स्ट्रिप एका पिशवीत ठेवून तपासणीला न्याव्यात आणि गोळ्या संपण्याआधी आठवडाभर नव्या आणाव्यात. दुकानदाराने दुसऱ्या कंपनीची टॅक्रोलिमस दिली, तर ती सुरू करण्याआधी डॉक्टरांना फोन करावा. पातळी पुन्हा तपासावी लागू शकते.